पोरींनो, रोजचं लिहून ठेवा

(रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



आमच्या काटोल तालुक्यातल्या बऱ्याच लेकी-सुना आता अमेरिकेत संसार करतात. काही न्यूयॉर्कला, काही कॅलिफोर्नियाला. पण काही त्या देशाच्या मधल्या भागात आहेत. इलिनॉय, ओहायो, मिशिगन, आयोवा, मिनेसोटा ही ती राज्यं. तिकडे या पट्ट्याला मिडवेस्ट म्हणतात. आज मला बोलायचं आहे ते या मधल्या भागातल्या पोरींशी, आणि इथे काटोलात बसून त्यांच्या फोनची वाट पाहणाऱ्या आयांशी, मावश्यांशी, सासवांशी.

सांगायचं एकच आहे. पोरींनो, तुमचं रोजचं लिहून ठेवा. मराठीत लिहा आणि वर तारीख घाला. बस, एवढंच. दहा मिनिटं मी हेच निरनिराळ्या बाजूंनी सांगणार आहे, कारण एकदा सांगून हे कुणी मनावर घेत नाही, हा माझा अनुभव आहे.

लगेच उत्तर येतं, "मावशी, आम्ही तर रोज बोलतो की!" बोलता, खरं आहे. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले की शिकागोकडे सकाळचे दहा वाजलेले असतात. इथे जेवणं आटोपलेली, तिथे भाजी फोडणीला पडलेली. फोनवर तोंडं दिसतात, नातू नाचून दाखवतो, बर्फ दिसतो. सगळ्यांना बरं वाटतं. पण मागच्या संक्रांतीला लेक काय बोलली, हे आज एका तरी आईला नीट सांगता येईल का? फोटो तर शेकड्यांनी येतात आणि फोन भरला की पुसले जातात.

उन्हाळ्यात आपण वाळवण घालतो ना, तसं हे लिहिण्याचं आहे. फोन म्हणजे बाजारातून आणलेली ताजी भाजी. आज आणली, आज खाल्ली, चव छान, पण उद्याला उरत नाही. लिहिणं म्हणजे कुरडया. गहू भिजत घालावे लागतात, रोज पाणी बदलावं लागतं, मग वाटून चीक काढायचा, तो शिजवताना हात दुखेपर्यंत घाटायचा, आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून खाटेवर पाडायच्या. खटाटोप आहेच. पण श्रावणात झड लागली, बाजार बंद पडला, दारी पाहुणा आला, की डबा उघडायचा आणि कढईत टाकायच्या. आणि बायांनो, वाळवण कधी कोणी एकटीने घातलं आहे का? शेजारीण येते, जाऊ येते, एकजण कावळे हाकत बसते. लिहिण्याचंही तसंच आहे. घरच्यांनी हात लावला तरच ते तडीस जातं. घरच्यांनी काय करायचं, ते पुढे सांगतेच.

आपल्या मराठी बाईने हे एकदा करून दाखवलेलं आहे. पंडिता रमाबाई तुम्हाला ठाऊक आहेत. १८८६ साली त्या इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. वय तिशीच्या आत, नवरा वारलेला, सोबत लहानगी लेक मनोरमा. ११ मार्च १८८६ला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा रमाबाई तिथे होत्या. त्यानंतर १८८८च्या अखेरपर्यंत रमाबाई त्या देशात हिंडल्या, व्याख्यानं दिली, बालवाडीचं शिक्षण पाहिलं. दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांची तिथे मोठी संघटना होती. शिकागोजवळच्या इव्हान्स्टनच्या फ्रान्सिस विलर्ड तिच्या अध्यक्ष. त्या संघटनेशीही रमाबाईंचा जवळचा संबंध आला. मग त्या परत आल्या, मार्च १८८९मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेवरचं त्यांचं मराठी पुस्तक निघालं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'.

आता मला सांगा, शाळा काढायची धामधूम, वर टीकेचा मारा, पदरी लेकरू. वेळ नाही म्हणायचा हक्क या बाईला होता की नाही? तरी तिने लिहिलं. आणि काय लिहिलं? सरकार कसं चालतं, शाळा कशा, व्यापार कसा, हे तर आहेच. पण लोक राहतात कसे, त्यांचं घर आतून कसं असतं, यावर वेगळं प्रकरण आहे. बायकांच्या स्थितीवर आहे. चांगलं दिसलं त्याचं मोकळ्या मनाने कौतुक केलं, आणि काळ्या लोकांना, तिथल्या मूळ रहिवाशांना कसं वागवलं गेलं, त्याबद्दल खडसावलंसुद्धा. इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं. इंग्रजी पुस्तक आधीच निघालं होतं. तरी हे त्यांनी मराठीत लिहिलं, कारण ते आपल्या माणसांनी वाचायला हवं होतं.

आनंदीबाई स्वतः पुस्तक लिहायला उरल्या नाहीत. फेब्रुवारी १८८७मध्ये, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत त्या गेल्या. पण पत्रं उरली. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं ते या पत्रांच्या आधारावर. पत्रं नसती, तर एक तारीख आणि एक फोटो एवढ्यावरच आपल्याला भागवावं लागलं असतं. आणि लक्ष्मीबाई टिळक? त्यांनी अमेरिका पाहिली नाही. घर, स्वयंपाक, नवऱ्याचा स्वभाव, नागपुरातले दिवस, हेच लिहिलं. आज 'स्मृतिचित्रे' मराठीतलं केवढं मोठं पुस्तक आहे! म्हणून म्हणते, रोजचं क्षुल्लक नसतं.

आता माझ्या भाचीची गोष्ट सांगते. ती इलिनॉयमध्ये पिओरियाच्या बाजूला राहते. माहेर आमच्या इकडचंच, संत्र्याच्या बागायतदाराचं. एकदा तिने शेताचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, मावशी, इथली माती आपल्यासारखीच काळी आहे. फोटो छान होता. पण काळी माती म्हटल्यावर काटोलच्या माणसाचं फोटोवर भागतं का? मी तिला कळवलं, मला फोटो नको, पत्र पाठव. पेरतात काय, पेरतात कधी, कापतं कोण, माल जातो कुठे, हे शेजाऱ्याला विचार आणि लिही.

आधी कुरकुरली. मग लिहिलं. शेजारचा शेतकरी एका वर्षी मका घेतो, दुसऱ्या वर्षी त्याच रानात सोयाबीन. पेरणी एप्रिलच्या शेवटी नाही तर मे महिन्यात, म्हणजे आपला मृग लागायच्या आधीच. कापणीला तो आणि त्याचा मुलगा, आणि खोलीएवढं यंत्र. माल जातो नदीकाठच्या उंच कोठारांत, तिथून सपाट बोटींत. त्या इलिनॉय नदीतून मिसिसिपीला लागतात आणि पार खाली समुद्रापर्यंत पोचतात. हे पत्र मी आमच्या अंगणात मोठ्याने वाचलं, तर सोयाबीन घेणारे दोघं-तिघं शेजारी पायरीवर येऊन बसले. आपल्याकडे सोयाबीनचा भाव पडला की शिकागोच्या बाजाराचं नाव निघतं. ते शिकागो भाचीच्या घरापासून मोटारीने तीन तासांच्या आत. पोरगी त्या मालाच्या वाटेवर राहते, आणि आम्हाला तिच्याकडून नुसता बर्फ दिसत होता!

त्याच पत्रात घरचंही होतं. महिन्यातून एकदा रविवारी पहाटे निघून शिकागोच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर किराण्याला जातात. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. सांबार ओल्या फडक्यात गुंडाळून आणला तरी थंडीत मोटारीतच गारठून काळा पडला, म्हणून आता तो मांडीवर घेऊन बसते. रस्ता इतका सरळ की धाकटी विचारते, आई, वळण कधी येणार? डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो, त्यामुळे दिवेलागण आणि मुलीचं शाळेतून येणं जवळजवळ एका वेळी. घरासमोरच्या पायवाटेवरचा बर्फ सकाळी आपणच फावड्याने काढायचा, आणि नवरा दौऱ्यावर असला की ते काम हिचं. पहिल्या वर्षी तिला रडू आलं, हेही तिने लिहिलं. फोनवर हे कधी बोलली नव्हती. फोनवर आई समोर दिसते, आईचा चेहरा उतरेल म्हणून पोरी हसून वेळ मारून नेतात. कागदावर मात्र खरं उतरतं.

पुन्हा सांगते, कारण नेमकं इथेच लोक चुकतात. मी प्रवासवर्णन लिहा असं म्हणत नाही. नायगाऱ्याचा धबधबा सगळ्यांनी लिहिला आहे. तुम्ही लिहा दुधाचा भाव, मुलीच्या डब्यात काय दिलं ते, शेजारणीने पहिल्यांदा दार वाजवलं तो दिवस, दवाखान्यात तुमचं नाव कसं पुकारलं ते. मिशिगनच्या सरोवरावर गेलात तर पाणी किती निळं होतं ते एका ओळीत लिहा, आणि वाळूवर बसून काय खाल्लं ते चार ओळींत. गावाचं नाव घाला. तारीख घाला. तारीख नसलेलं पान नातवंडांच्या हाती पडलं, तर त्यांनी काय समजायचं?

आणि मराठीत लिहा. शुद्धलेखनाची भीती नको. तिकडच्या मराठी माणसांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली शिकागोतच सुरू झालं. तुमच्या आधी तिथे गेलेल्यांनी मंडळं काढली, अंकांतून लिहिलं, मुलांसाठी मराठी शाळा चालवल्या. तेव्हा तिकडे मराठी कोण वाचतं, हे मला सांगू नका.

आता घरच्यांनी हात कसा लावायचा, ते. आयांनो, तुम्ही विचारता, "जेवलीस का? बरी आहेस ना?" त्याला उत्तर एकच येतं, हो. असं विचारा की हो म्हणून सुटताच येणार नाही. आज काय शिजवलं, काय मिळालं नाही, त्याच्याऐवजी काय घातलं? कुणाशी बोललीस? आणि पत्र आलं की उत्तर लिहा. इथलंही लिहा. आंबिया बहार कसा फुटला, फळगळ किती झाली, व्यापाऱ्याने बाग काय भावाने मागितली, जाम नदीला पाणी कधी आलं. तुमच्या लेकीला ते हवं असतं. आणि आलेली पत्रं एका डब्यात ठेवा, रद्दीत घालू नका. ईमेलने आलं असेल तर कागदावर छापून घ्या. आमच्याच नात्यात एका घरी निळ्या पातळ कागदांवरची जुनी पत्रं होती, दिवाळीच्या सफाईत गेली. त्या बाईचा परदेशातला सगळा संसार त्या कागदांवर होता. आज तिची मुलं विचारतात, आणि सांगायला कोणी नाही.

आणखी एक मनात आहे. परदेशीच जायला हवं असं थोडंच आहे? काटोलहून रोज गाडीने नागपूरला कॉलेजला, नोकरीला जाणाऱ्या आमच्या पोरी आहेत. पहाटे उठून डबे करतात, घर आवरतात, स्टेशन गाठतात. त्यांचा डबा, त्यांच्या मैत्रिणी, परतताना गाडीतच निवडलेली भाजी... यावर खरं तर वेगळं बोलायला हवं. पण समोरून वेळ संपत आल्याची खूण होते आहे, तेव्हा ते राहू द्या.

शेवटचं एवढंच. मोठी वही आणू नका. मोठी वही आणली की पहिलं पान चांगलं उतरावं म्हणून महिना जातो. साधा कागद घ्या. वर तारीख, खाली गाव, आणि आजच्या दिवसातल्या चार गोष्टी, त्यांतली एक तरी जी तुम्ही फोनवर सांगितली नसती. आठवड्याला एक पान. आणि आयांनो, पुढच्या फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, "पान लिहिलंस का?" नाही म्हणाली तर रागवा. माझं नाव सांगून रागवा.