खोऱ्यातली माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"यंदा तुम्हीही चार शब्द बोला," असे कार्यवाहबाई म्हणाल्या, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहायचे म्हटले की माझे पाय कापतात. पण त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही तीन महिने परदेशी राहून आलात. तिथे काय पाहिले ते सांगा, म्हणजे झाले."

आता खरे सांगते, मी तिथे किल्ले पाहिले नाहीत की राजवाडे पाहिले नाहीत. मी गेले होते लेकीचे बाळंतपण करायला. बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही, एवढाच माझा परदेश. तेव्हा टीव्हीवर जे पाहिले तेच सांगणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

माझी लेक नर्स आहे. ती आणि जावईबापू कारमार्दन नावाच्या गावी असतात. मी सगळ्यांना सांगत असे की लेक इंग्लंडात आहे. तिथे गेल्यावर कळले, ते इंग्लंड नव्हेच. तो वेल्स देश. ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख, वस्ती सारी ३१ लाखांच्या आसपास. त्या लोकांची भाषा निराळी, वेल्श. ती इंग्रजीची बोली नव्हे. नुसते इंग्रजी येणाऱ्या माणसाला ती आपल्या मराठीइतकीच परकी.

लेकीच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई एकट्या राहतात. बाळ बघायला म्हणून आल्या, आणि मग रोज संध्याकाळी येऊन बसू लागल्या. त्यांना मराठी येत नाही, मला वेल्श येत नाही, आणि माझे इंग्रजी थँक्यू-प्लीजपुरते. लेक जवळ असली की ती दुभाष्याचे काम करी. ती झोपली असली की आम्ही दोघी हातवाऱ्यांवर भागवून नेत असू. एके दिवशी त्यांनीच एस-फोर-सी हे वेल्श भाषेचे चॅनेल लावून दिले आणि मला खुणेने म्हणाल्या, बघ.

त्यावर एक मालिका लागते. तिचे नाव 'पोबोल अ कूम', म्हणजे खोऱ्यातली माणसे. १६ ऑक्टोबर १९७४ रोजी बीबीसीने ती सुरू केली आणि ती अजून चालू आहे. पन्नाशी उलटली तिची! गाव आहे कुमदेरी. ते नकाशावर सापडायचे नाही, कारण ते कल्पित आहे. पण ते ग्वेन्द्राइथच्या खोऱ्यातले, असे धरून चाललेले आहे, आणि ते खोरे कारमार्दनपासून जवळच. पूर्वी तिथे कोळशाच्या खाणी होत्या. चित्रण मात्र कार्डिफ शहरात होते.

त्या गावात काय आहे म्हणाल, तर एक दुकान, एक गॅरेज, एखादे शेत, प्रार्थनामंदिर, आणि संध्याकाळी सगळे जमतात तो 'देरी आर्म्स' नावाचा गुत्ता. अगदी सुरुवातीच्या वर्षांत तर बरीचशी कथा एका वृद्धाश्रमाभोवती फिरत असे. आपल्या मालिकांत बायका भरजरी शालू नेसून झोपतात आणि पहाटे उठतात तरी केसाची बट हललेली नसते. इथे तसे काही नाही. स्वेटर घातलेली, केस विस्कटलेली, पिशवीतून पाव-दूध आणणारी माणसे. कुणाची उधारी थकली आहे, कुणाचा मुलगा ऐकत नाही, कुणाच्या लग्नात काही बिनसले आहे. एक बाई भांडी विसळता विसळता मुलाशी बोलत होती आणि मागे वळून पाहत नव्हती. मला एक अक्षर कळत नव्हते. पण मैत्रिणींनो, तिला रडू आवरत नाही म्हणून ती वळत नाही, हे मला कुणी सांगावे लागले नाही.

कुणी कुणाकडे गेले की आधी किटली चढते आणि विचारतात, "पानेद?" पानेद म्हणजे कपभर चहा. वेल्शमधला मला समजलेला पहिला शब्द हा. दुसरा शब्द 'बाख'. त्याचा अर्थ लहान. पण पोराला, नवऱ्याला, शेजारणीलाही नावापुढे 'बाख' लावतात, आपण मायेने 'बाळा' म्हणतो तसे. आजीबाई मलाही 'बाख' म्हणू लागल्या. या वयात मला बाळा म्हणणारे आता कोण राहिले आहे? मला फार बरे वाटले.

दुसरेही कार्यक्रम पाहिले. रविवारी भजनाचा असतो. 'आरंभ करू गायनाला, आरंभ करू स्तवनाला' अशा अर्थाचे त्याचे नाव, आणि तो १९६१ पासून चालू आहे. निरनिराळ्या गावांतले लोक प्रार्थनामंदिरात बसून चार सुरांत स्तोत्रे म्हणतात. गाणारे तुमच्या-आमच्यासारखेच, वाणी, मास्तर, आज्या. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात मेंढरे, कुत्री, चिखलाचे बूट. या बाबतीत आजीबाई डाय जोन्स यांचे नाव काढीत. ते स्वतः शेतकरी आणि उत्तम गाणारे. कित्येक वर्षे ते शेतकऱ्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याच ओट्याशी बसल्यासारखे बोलत. २०२२ साली ते वारले. त्यांचे नाव निघाले की आजीबाईंचा आवाज घरचे माणूस गेल्यासारखा होई. तिथेही उत्तरेकडची बोली निराळी, दक्षिणेकडची निराळी. साध्या दुधाला दोन शब्द! एका माणसाचे दुसऱ्याला कळेना, यावर त्यांनी विनोदी मालिकासुद्धा काढली होती. आपल्याकडे कोकणातली सून वऱ्हाडात गेली की होते तीच गंमत.

आणि लहान मुलांसाठी 'क्यू' म्हणून कार्यक्रम असतात. क्यू म्हणजे कोंबडीचे पिल्लू. २००८ पासून ते पिवळे पिल्लू सकाळी सकाळी वेल्श पोरांना त्यांच्याच भाषेत गाणी शिकवते.

मला वाटले, श्रीमंत देश आहे, सरकारने दिले असेल चॅनेल. मी तसे म्हटले, तर आजीबाईंनी मान हलवली आणि सगळी हकीकत लेकीच्या तोंडून मला सांगितली.

पूर्वी वेल्श कार्यक्रम इंग्रजी कार्यक्रमांच्या मधेमधे, कधी अवेळी दाखवीत. आपल्या भाषेला स्वतंत्र चॅनेल हवे म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे चळवळ केली. टीव्हीचे परवानाशुल्क भरायचे नाकारले, दंड सोसला, काही जण तुरुंगात गेले. १९७९ च्या निवडणुकीत पक्षांनी चॅनेलचे वचन दिले. मार्गारेट थॅचर यांचे सरकार आले आणि वचन फिरवले. तेव्हा ग्विनफोर इव्हान्स हे पुढारी उठले. हे टोमॅटोची बाग करणारे गृहस्थ. १९६६ साली याच कारमार्दनमधून त्यांच्या पक्षाचे पहिले खासदार म्हणून निवडून गेलेले. आणि गंमत पाहा, त्यांचे बालपण इंग्रजी बोलणाऱ्या घरात गेले. वेल्श ते पुढे शिकले. १९८० च्या मे महिन्यात, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी जाहीर केले की ६ ऑक्टोबरपासून मी अन्न सोडणार, चॅनेल मिळेपर्यंत. उपोषण हे शस्त्र आपल्याला नवे नाही, पण टीव्हीसाठी प्राण पणाला लावलेले मी तरी पहिल्यांदाच ऐकले. सरकार नमले. १७ सप्टेंबरलाच त्याने माघार घेतली आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी एस-फोर-सी सुरू झाले. 'खोऱ्यातली माणसे'ही मग त्या चॅनेलवर आली.

मी विचारले, भाषेसाठी इतके का? तेव्हा त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या पुष्कळ शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवीत. दुसरे कुणी बोलताना सापडले की पाटी त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. मार चुकवायचा तर दुसऱ्या पोरावर पाळत ठेवायची. मुले मोठी झाली आणि आपल्या पोरांना म्हणू लागली, नको ती भाषा, इंग्रजी शिका, पोट भरेल. १९११ साली शंभरांत ४३ माणसे वेल्श बोलत. २०२१ च्या शिरगणतीत १८ सुद्धा भरली नाहीत.

हे सांगून आजीबाई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या मुलाशी मीही इंग्रजीच बोलले. नोकरीला बरे पडेल म्हणून. त्याला चांगली नोकरी लागली. तो इंग्लंडात असतो. माझी नातवंडे येतात, मला मिठी मारतात, पण माझ्या भाषेतले त्यांना काही कळत नाही. आता दिवसभरात माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारी माणसे ही," आणि त्यांनी टीव्हीकडे बोट केले.

लेकीने मला हे मराठीत सांगितले आणि आम्ही दोघी मायलेकी एकमेकींकडे पाहत राहिलो. का, ते सांगते.

माझ्या लेकीला मी इंग्रजी शाळेत घातले. तिथे मराठी बोलले की एक रुपया दंड असे. पहिलीत असताना एक दिवस ती रडत आली, मधल्या सुटीत मैत्रिणीला "आंब्याची फोड दे" म्हणाली म्हणून दंड झाला होता. मी काय केले? रुपया दिला आणि तिलाच रागावले. पाहुण्यांपुढे म्हणत असे, "बघा, आमची आता घरातसुद्धा इंग्रजीच बोलते." माझे शिक्षण कमी, म्हणून मला त्याचा फार अभिमान. गळ्यात पाटी नव्हती, पण ती अडकवायला मीच हात लावला होता, हे मला परमुलखात, दुसऱ्याच्या भाषेतली मालिका पाहताना कळले. लेक काही बोलली नाही. रात्री बाळाला पाळण्यात घालताना म्हणाली, "आई, याच्याशी तू मराठीतच बोल. मला अंगाई नीट येत नाही."

मैत्रिणींनो, इंग्रजी शिकवू नका असे मी म्हणत नाही. इंग्रजी आली म्हणून माझ्या लेकीला नोकरी लागली, आणि आजीबाईंनाही इंग्रजी उत्तम येते. मी एवढेच म्हणते, की चॅनेल होऊन चाळीस वर्षे झाली तरी वेल्श बोलणारांचा टक्का २०११ ते २०२१ या दहा वर्षांत १९ वरून १७.८ वर आला. म्हणजे टीव्हीने सोबत केली, धीर दिला. पण आजीचे काम टीव्ही करीत नाही. ते आजीलाच करावे लागते.

मी आता रोज रात्री फोनवर नातवाशी बोलते. त्याला काय कळणार! पण मी भाजी काय केली, मांजर कुठे व्याले, पाऊस किती झाला, सगळे सांगते. शेजारच्या आजीबाई सकाळी त्याच्याशी वेल्शमध्ये बोलतात. त्यांच्या नातवंडांशी बोलायचे राहिले, ते त्या माझ्या नातवाशी बोलतात. परवा तो पहिल्यांदा काहीतरी बोलला. लेक म्हणते "बाख" म्हणाला, मी म्हणते "बाबा" म्हणाला. काही का असेना, इंग्रजीचा दंड तर त्याला नक्की झाला असता!

घरी जाल तेव्हा नातवंडांशी, पोरांशी घटकाभर आपल्या भाषेत बोला. मोठे काही नको, भाजीपाल्याचेच बोला. एवढे सांगून मी माझे चार शब्द पुरे करते. चुकलेमाकले पदरात घ्या.