कपातीची यादी

मालाचा उठाव कमी झाला, दोन कंपन्या एक झाल्या किंवा नवें यंत्र आलें कीं कचेरींत कपातीची कुजबुज सुरू होते. किती माणसें कमी करावयाचीं हा आंकडा बहुधा वरून येतो व त्याच्यामागें कांहीं हिशेब असतो. परंतु नारळ कोणाच्या हातीं द्यावयाचा हें जेथें ठरतें, तेथें हिशेबाशेजारीं मर्जीहि येऊन बसते.

समजा, एका खातेप्रमुखास चाळीस माणसांतून चार नांवें मागितलीं आहेत. चाळिसांचें काम त्यानें सारखें कोठें पाहिलेलें असतें? जो रोज केबिनींत येऊन आपलें काम सांगून जातो, त्याचें काम मोठें भासतें. मागल्या टेबलावर बसून इतरांच्या चुका निमूटपणें सुधारणारा मनुष्य आठवतच नाहीं. कारण चूक बाहेर पडलीच नाहीं, मग ती कोणी निस्तरली हें कळावें कसें? उलट, दोन वर्षांपूर्वीं सभेंत कोणी आडवा प्रश्न केला होता, तो मात्र पक्का स्मरणांत असतो. त्यांतून त्या मनुष्याचा पाठीराखा वरिष्ठ बदलून गेलेला असला, तर त्याचें नांव यादींत चढलेंच म्हणावयाचें. यांत दुष्टावा असतोच असें नाहीं. आठवण हीच मुळीं पक्षपाती.

ही मनमानी आवरण्यासाठीं १९४७ च्या औद्योगिक तंट्यांच्या कायद्यांत १९५३ सालीं एक कलम घालण्यांत आलें. त्या त्या वर्गांतील जो शेवटीं आला तो सामान्यतः प्रथम जावा, आणि वेगळें करावयाचें तर कारण लिहून ठेवावें. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंतहि हा दंडक आहे. ज्येष्ठता दप्तरांत लिहिलेली असते. गोड बोलून ती वाढत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पण त्यानें होतकरू तरुण जातो आणि जुना आळशी राहतो, हेंहि खरें. शिवाय व्यवस्थापकाच्या हुद्द्यावर असलेल्यांना त्याचें संरक्षण नाहीं.

मग गुणांवरूनच यादी कां करूं नये? तो प्रयोग अमेरिकेंत झालेला आहे. १९८१ ते २००१ पर्यंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रमुख असलेले जॅक वेल्श यांनीं माणसांची प्रतवारी लावली : वरचे २० टक्के, मधले ७०, तळचे १०; आणि तळच्यांनीं सुधारावें, नाहीं तर जावें. अशाच वळणाची पद्धत मायक्रोसॉफ्ट कंपनींतहि होती. ती तिनें २०१३ सालीं सोडून दिली. अशा पद्धतींत सारेच चांगले असले तरी कोणी तरी तळाला घालावाच लागतो. शेजारचा सोबती प्रतिस्पर्धी होतो. हुशार मनुष्य हुशारांच्या तुकडींत जाण्यास कचरतो. प्रती ठरविणाऱ्या बैठकींत ज्या वरिष्ठाला बोलतां येतें त्याचीं माणसें तरतात. म्हणजे मर्जी गेली नाहींच. तिनें आंकड्यांचा अंगरखा चढविला, इतकेंच.

इकडे यादींतला मनुष्य नोटीस घेऊन घरीं येतो. मंदी हें कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांस पटतें. परंतु छत्तीस जण कामावर राहिले हें कळल्यावर पत्नी हलकेंच विचारते, "मग तुम्हीच कां?" आणि नोटिशींत तेवढेंच लिहिलेलें नसतें.