मायबोलीत आकाश उतरवणारा कथाकार



विज्ञान इंग्रजीत आणि भावना मराठीत, अशी भाषांची वाटणी आपल्या सुशिक्षित घरांनी जणू मान्यच केली आहे. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांनी ती आयुष्यभर नाकारली. त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला. बालपण मात्र काशीत गेले, कारण वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. पुढे केंब्रिज. तेथे त्यांना गुरू लाभले फ्रेड हॉइल, स्वतः नामवंत विज्ञानकथालेखक. १९६४ साली या गुरुशिष्यांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगभर गाजला. अशा कीर्तिमंताने कथा इंग्रजीत लिहिली असती, तर कोणाला वावगे वाटले नसते.

त्यांनी लिहिली मराठीत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या अपरिचित नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली. नावाची आद्याक्षरे उलटी फिरवलेली, हस्ताक्षर पत्नी मंगलाताईंचे. परीक्षकांना कीर्तीचा दबाव वाटू नये, हा हेतू. कथेने स्वबळावर पहिला क्रमांक मिळवला.

पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशी पुस्तके आली. यांतील ‘वामन’ इंग्रजीतही गेला. बुद्धिमान यंत्रमानव निर्मात्यालाच डोईजड झाला तर काय, हा त्यातील प्रश्न आज घरोघरी चर्चेत आहे.

त्यांच्या द्वैभाषिक सामर्थ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी हुकली असती तर? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा पर्यायी जगात पोहोचतात. तेथे सभेला अध्यक्ष नेमण्याची प्रथाच उरलेली नाही. रिकामी खुर्ची पाहून सवयीने पंत तीवर बसतात आणि श्रोत्यांचा मार खातात! मराठी मनाची जखम, आपल्या सभांची थट्टा आणि आधुनिक भौतिकशास्त्र एकाच कथेत नांदते. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात गेले, आणि पानिपत देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. जे प्रथम आपल्या मातीत रुजले, तेच बाहेरही बहरले.

पुण्यातील ‘आयुका’ची उभारणी करणाऱ्या या शास्त्रज्ञाला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या मराठी आत्मचरित्रासाठी. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विज्ञानकथाकाराकडे आले. प्रकृतीमुळे त्यांना उपस्थित राहता आले नाही. पंतांच्या जनकाची खुर्ची रिकामी राहिली, पण विज्ञानकथेला साहित्याच्या पंक्तीतील आसन मिळाले होते. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मराठीत विज्ञान मांडता येते का, या शंकेचे उत्तर ते देऊन गेले. आता प्रश्न आपल्या घरांचा आहे. रात्री गच्चीवर मूल ताऱ्याकडे बोट दाखवून काही विचारील, तेव्हा त्याला उत्तर कोणत्या भाषेत मिळणार?