काम आखणारा आणि काम करणारा
(बालाघाट येथील व्याख्यानाचा मजकूर)



बालाघाट जिल्ह्याचे नाव मँगनीजमुळे दूरवर पोहोचले आहे. भरवेलीची भूमिगत खाण ही देशातील सर्वांत खोल मँगनीज खाणींत गणली जाते. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या ज्या सरकारी कंपनीची ती आहे, तिच्या खाणी महाराष्ट्रातील नागपूर व भंडारा जिल्ह्यांतही आहेत. या मुलखातील सुशिक्षित तरुण आज नागपूर, पुणे, हैदराबाद येथे सॉफ्टवेअरच्या नोकरीस जातात. तेथे प्रणाली तयार करणारा डेव्हलपर आणि कामाचे वेळापत्रक सांभाळणारा प्रकल्प व्यवस्थापक यांच्यात वारंवार खटके उडतात. त्याचे मूळ समजण्यास खाणीचा दाखला फार उपयोगी आहे.

अशा भूमिगत खाणीत खनिजाचा एक थर काढला की मागे पोकळी राहते. ती पाण्यासोबत वाळू सोडून भरावी लागते. त्या भरावावर उभे राहूनच वरचा थर काढता येतो. दिवसाच्या टनांच्या हिशेबात हा भराव दिसत नाही. परंतु तो टाळला तर पुढचे काम तर थांबतेच, शिवाय माणसांचे प्राणही धोक्यात येतात.

सॉफ्टवेअरमध्येही असाच एक भराव असतो. आज्ञावली तपासणे, चुका दुरुस्त करणे, जुने लिखाण नीट करणे हे काम पडद्यावर दिसत नाही. व्यवस्थापकाला वरिष्ठांपुढे तारीख सांगावयाची असते; डेव्हलपरला प्रणाली कोठे कच्ची आहे ते ठाऊक असते. एकाला दुसरा चालढकल करणारा वाटतो, तर दुसऱ्याला पहिला अडाणी वाटतो. वस्तुतः वाद स्वभावांचा नसून हिशेबात न धरलेल्या कामाचा असतो.

आयबीएम कंपनीच्या सिस्टिम ३६० या संगणकाच्या कार्यप्रणालीचे काम १९६० च्या दशकात सांभाळणारे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या ग्रंथात यावर अनुभवाचे विवेचन केले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे एकूण वेळेचा एक तृतीयांश भाग आखणीस, एक षष्ठांश प्रत्यक्ष लिखाणास आणि उरलेला निम्मा तपासणीस ठेवावा. उशीर झालेल्या कामावर नवी माणसे घातल्यास उशीर वाढतो, असेही त्यांनी दाखविले. कारण नव्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. धान पिकविणाऱ्यास हे सहज पटेल. माणसे वाढविली तर रोवणी लवकर आटोपते. परंतु पऱ्हे तयार होण्याचे दिवस त्याने कमी होत नाहीत.

या प्रश्नाचा संबंध केवळ शहरातील कचेऱ्यांशी नाही. शासनाच्या अनेक सेवा आता संगणकावर आल्या आहेत. उद्‌घाटनाची तारीख आधी ठरली आणि तपासणी मागे पडली, तर त्याचा भुर्दंड दाखल्यासाठी दहा मैलांवरून आलेल्या शेतकऱ्यास आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या शिक्षकास सोसावा लागतो.

खाणींच्या कायद्याने यावर एक वाट दाखविली होती. १९५५ च्या खाण नियमांत पुढे अशी तरतूद झाली की, शंभराहून अधिक माणसे असलेल्या खाणीत सुरक्षा समिती असावी आणि तीत अधिकाऱ्यांबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी बसावेत. जो खाली उतरतो त्याला धोका प्रथम दिसतो, हे तत्त्व त्यामागे होते.

तेच तत्त्व येथेही लागू करावे. तारीख जाहीर करण्यापूर्वी ती काम करणाऱ्यास विचारावी. तपासणीचे दिवस वेळापत्रकात स्वतंत्रपणे लिहावेत व ते अन्य कामाकडे वळवू नयेत. अडचण वेळीच सांगणाऱ्यास दोष देऊ नये. डेव्हलपरनेही ‘होईल’ असे मोघम उत्तर न देता काय झाले व काय राहिले ते दर आठवड्यास साध्या भाषेत कळवावे. कारण व्यवस्थापकासही कोणास तरी जबाब द्यावयाचा असतो. काम सोपविणाऱ्या खात्यांनी किती पडदे तयार झाले एवढेच न विचारता किती तपासून झाले, हेही विचारावे. एवढे घडले तर दोघांतील पुष्कळसे वाद उद्भवणारच नाहीत आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे काम एका खेपेत होईल.