आकाशातील टेहळणी आणि आपली बावखले



वसईच्या किल्ल्यात आपण सर्वजण हिंडलेले आहोत. खाडीवर आणि समुद्रावर नजर ठेवणे हे त्या बुरुजांचे काम होते. आज असेच काम शेकडो किलोमीटर उंचीवरून उपग्रह करीत आहेत. मात्र ह्या टेहळणीत शत्रूच्या गलबतांपेक्षा आपलीच करणी अधिक दिसते, आणि तीविषयीच आम्हांला चार शब्द बोलावयाचे आहेत.

जुलै २०१८ मधील तो पाऊस आठवा. नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागरांत माणसे अडकली. आपण पावसाला दोष दिला. परंतु पूर्वी हेच पाणी बावखलांत, खाजणांत, शेतांत पसरत असे. त्या जागा कोठे गेल्या?

ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे चित्रांत साठलेले आहे. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ साली आणि आपला आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी आकाशात गेला. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण जोराने परतवितात, पाणी ते गिळून टाकते. म्हणून अशा चित्रांत झाडी आणि पाणी वेगळे ओळखता येते. एकाच जागेची जुनी व नवी चित्रे शेजारी ठेवली, की भराव लपत नाही.

पावसाळ्यात ढग आड येतात हे खरे. तेव्हा रडारचे उपग्रह उपयोगी पडतात. त्यांच्या लहरी ढगांतून पार होतात. संथ पाण्यावरून त्या दुसरीकडे परावर्तित होतात, त्यामुळे पूरक्षेत्र काळे दिसते. इस्रो आणि नासा यांनी मिळून बनविलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला, तो ह्याच जातीचा.

ह्या चित्रांचे वजन केवळ शास्त्रापुरते नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील तिवरांची तोड थांबविण्याचा आदेश दिला, तेव्हा तिवरांच्या नोंदीसाठी उपग्रहाच्या नकाशांचाच आधार घेण्यात आला.

तथापि, केवळ आकाशावर विसंबणे हा भाबडेपणा होय. भरतीला घेतलेले खाडीचे चित्र आणि ओहोटीला घेतलेले चित्र ह्यांची तुलना केली, तर नसलेला भरावही दिसेल. जलपर्णीने झाकलेले पाणी वरून हिरवळीसारखे भासते. दाट वस्तीत रडारही गोंधळते. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रे कोणासही विनामूल्य मिळतात, परंतु त्यांतला लहानांत लहान ठिपका १० मीटर लांबी-रुंदीचा असतो. आपल्या वाडीतले लहानसे बावखल अशा दोन-चार ठिपक्यांत संपते. ते बावखल होते, त्यात बाराही महिने पाणी असे, त्यावर वाडीचे शिंपणे चाले, हे त्या ठिपक्यांना कोण सांगणार? ते आपल्या घरांतील वडीलधारी माणसेच सांगू शकतील.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. येत्या मृगापूर्वी प्रत्येक गावाने आपल्या बावखलांची आणि ओहोळांची यादी करावी, बुजलेल्यांचीही करावी. ती जुन्या-नव्या चित्रांशी ताडून महानगरपालिकेपुढे ठेवावी. आकाशातला साक्षीदार खोटे बोलत नाही, पण त्याला नावे ठाऊक नाहीत. ती नावे सांगणारी पिढी अजून आपल्यांत आहे, तोवर हे काम झाले पाहिजे.