घराची पडझड झाली तर विमा काय देतो?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रौप्यमहोत्सवात विम्यावर भाषण म्हणजे लग्नाच्या पंगतीत कारल्याची भाजी, याची मला कल्पना आहे. नंतर मुलांचे नाच आहेत, तेव्हा मी लांबण लावत नाही. माझी सगळी नोकरी सर्वसाधारण विम्यातल्या दावे विभागात, म्हणजे क्लेमच्या टेबलावर गेली. त्यामुळे पॉलिसी विकणारा जे सांगतो ते मी सांगणार नाही. घराचं नुकसान झाल्यावर कागद उघडला की त्यात काय निघतं, तेवढंच सांगतो.

आधी आपल्या गावाचं बघू. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून मावळात शिरलं. घरांचे पत्रे उडाले, झाडं उन्मळली, पॉलिहाऊसवाल्या फूल-शेतकऱ्यांचे सांगाडे वाकले. दरडींचं तर विचारूच नका. आपल्याच जिल्ह्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला गाडलं गेलं. घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. आपण पक्क्या इमारतीत राहतो, पण डोंगर तोच आहे आणि पाऊसही तोच.

"सरकार देतंच की पंचनामा करून," असं पुष्कळ जण म्हणतात. देतं, पण किती ते ऐका. २०२२ ते २०२६ या काळासाठी आपत्ती निधीचे जे निकष ठरले, त्यात पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. पक्क्या घराची पडझड अंशतः असेल, म्हणजे किमान १५ टक्के, तर साडेसहा हजार. साडेसहा हजारात आज एका खोलीचं प्लास्टरसुद्धा होत नाही. ती मदत आहे, भरपाई नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली. तिचं नाव 'भारत गृह रक्षा'. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर सारखा. आग, वीज पडणं, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबून आत शिरणं, जमीन खचणं, दरड, वणवा, झाड किंवा वाहन घरावर आदळणं, दंगल, दहशतवाद, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं मूळ पॉलिसीतच येतं. पूर्वी भूकंप वेगळा घ्यावा लागे, दहशतवाद वेगळा. ती कटकट गेली.

तरी दावे अडतात. का, ते सांगतो. आपल्याकडे सर्वात जास्त तक्रार कशाची? ओलीची. जुलैत भिंतीला ओल येते, ऑगस्टमध्ये पोपडे निघतात, गणपतीला पाहुणे येतात तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंशी आपलं बोलणं बंद असतं! या ओलीचे पैसे विमा देत नाही. हळूहळू झिरपणं, गंज, बुरशी, जुनेपणाची झीज ही देखभालीची बाब आहे. विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो. पाइप एका रात्रीत फुटला आणि खालच्या घराचं छत कोसळलं तर दावा बसतो. तोच पाइप दोन वर्षं गळत होता असं सर्व्हेअरच्या लक्षात आलं, तर बसत नाही. म्हणून गच्चीचं वॉटरप्रूफिंग संस्थेने स्वतःच्या दुरुस्ती निधीतूनच करायचं. पॉलिसी आहे म्हणून ते पुढे ढकलू नका.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि ती खास आपल्यासारख्या उतारावरच्या गावाची आहे. जमीन खचणं पॉलिसीत आहे म्हटलं, पण त्याच्या लगेच खाली अपवाद लिहिलेत. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि त्याच्या भेगा त्यात नाहीत. भराव घातलेल्या जमिनीचं सरकणं नाही. नदीकाठ किंवा किनारा झिजणं नाही. सदोष डिझाइन, निकृष्ट काम किंवा खराब साहित्य यामुळे झालेलं नुकसान नाही. आता लोणावळ्यात बंगले आणि इमारती कशा उभ्या राहतात? डोंगराची एक बाजू कापायची, ती माती दुसऱ्या बाजूला टाकायची, पुढे एक आधारभिंत घालायची. उद्या वरून दरड आली तर ती दरडच. पण आपलाच भराव पावसात बसला आणि त्यामुळे पार्किंगच्या फरशीला, खांबाला भेग पडली, तर कंपनी हा अपवाद दाखवणार, आणि तो लेखी असल्यामुळे वाद घालून फारसं हाती लागत नाही. आपल्या बी विंगच्या मागची भिंत मी कार्यक्रमाआधी बघून आलो. तिची पाणी जाण्याची भोकं निम्मी मातीने बुजलेली आहेत. भिंतीमागे पाणी साठलं की दाब वाढतो आणि भिंत पोट काढते. ती भोकं मोकळी करायला एक दिवस लागतो. पावसाआधी ते करा आणि केल्याचे तारखेसह फोटो फाइलला लावा. उद्या दावा करायची वेळ आली तर निष्काळजीपणा नव्हता हे दाखवायला तेच उपयोगी पडतात.

आता रक्कम. फ्लॅट सत्तर लाखांचा म्हणून विमा सत्तर लाखांचा, असं नसतं. जमीन जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा उतरवायचा तो घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा, म्हणजे चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा आजचा दर. समजा ७०० चौरस फूट चटई क्षेत्र आणि दर २,५०० रुपये धरला, तर साडेसतरा लाख. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. जास्त हवं असेल तर यादी देऊन वाढवता येतं. दागिने, चित्रं, किमती वस्तू यांचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. रोख रक्कम कशातच येत नाही, त्यामुळे कपाटातल्या नोटा पावसाळ्यात बँकेतच बऱ्या.

जुन्या पॉलिसीत एक जाच होता. घर पाच कोटींचं आणि विमा दोन कोटींचा असेल, तर वीस लाखांच्या नुकसानीला आठच लाख मिळत, कारण विमा चाळीस टक्केच. 'भारत गृह रक्षा'मध्ये ही कात्री काढून टाकली आहे. पण म्हणून कमी रकमेचा विमा घेऊ नका. इमारत पूर्ण पडली तर लिहिलेल्या रकमेपलीकडे एक रुपयाही येत नाही.

आता थोडं आपल्या संस्थेविषयी. आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीचा आग आणि भूकंप यांचा विमा उतरवणं ही संस्थेची जबाबदारी आहे आणि त्याचा हप्ता प्रत्येक सदनिकेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटायचा असतो. लिफ्टसारखा सगळ्यांना सारखा नाही. कुणी गाळ्यात माल साठवत असेल आणि त्यामुळे हप्ता वाढला, तर वाढीव भार त्याचा. सचिवांनी मला पॉलिसी दाखवली. ती चालू आहे याबद्दल समितीचं कौतुक, कारण अनेक संस्थांत नूतनीकरण राहूनच जातं. पण तिच्यातली रक्कम बऱ्याच वर्षांपूर्वीच्या बांधकाम दराने धरलेली दिसते. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्या आणि कुंपणभिंत, आधारभिंत, पाण्याची टाकी, सोलर ही नावं पॉलिसीत आहेत ना ते तपासा.

आणि लक्षात घ्या, संस्थेची पॉलिसी इमारतीची असते. तुमचा फ्रिज, टीव्ही, गाद्या तिच्यात नसतात. त्यासाठी ज्याने त्याने आपली घ्यायची. स्वतःच्या पॉलिसीत आणखी एक सोय असते. विम्यात बसणाऱ्या घटनेमुळे घर राहण्यायोग्य उरलं नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडच्या भाड्याचा खर्च मिळतो. ज्यांना गृहकर्ज आहे ते म्हणतात, "बँकेने विमा काढलाय." कागद उघडून बघा. बऱ्याचदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतो.

शनिवार-रविवारपुरते येणारे सभासद इथे बरेच आहेत. त्यांना सांगतो, साधी घरफोडी या पॉलिसीत नाही. आग, पूर अशी घटना घडली आणि तिचाच फायदा घेऊन सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर ती धरतात. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्या आणि घर सलग किती दिवस बंद ठेवलेलं चालतं ही अट वाचूनच सही करा.

नुकसान झालं की पहिला फोन कंपनीला. मग फोटो, व्हिडिओ. भिजलेलं सामान सर्व्हेअर बघून जाईपर्यंत टाकू नका. पाणी काढणं, छतावर ताडपत्री घालणं मात्र लगेच करा, कारण नुकसान वाढू न देणं हे आपलं कर्तव्य धरलं जातं. तलाठ्याचा पंचनामा, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला आणि दुरुस्तीची पक्की बिलं जपा. झाड गाडीवर पडलं तर तो दावा गाडीच्या पॉलिसीत. घरावर पडलं तर या.

कंपनीने दावा नाकारला किंवा कमी दिला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. वैयक्तिक पॉलिसीचे ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही. त्यांचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत आहे. लोकलने शिवाजीनगरला उतरलात की रिक्षाने जवळच.

मघाशी एका ताईंनी विचारलं होतं, पॉलिसी सासऱ्यांच्या नावावर होती, ते गेले, आता काय? मुदत संपेपर्यंत ती वारसांसाठी चालू राहते. मात्र घर विकलं तर ती नव्या मालकाकडे आपोआप जात नाही, त्याने स्वतःची काढायची. ताई, मूळ कागद घेऊन नंतर भेटा, मी बघून देतो.