हायस्कूलचे विद्यार्थी आणि अनेक खेळांची गोडी



दि. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा उभारल्या होत्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावसंख्येचा यशस्वी पाठलाग तोपर्यंत कोणत्याही संघाने केलेला नव्हता. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा काढून तो सामना जिंकून दिला आणि तीन दिवसांनी भारतीय महिलांनी प्रथमच विश्वचषक पटकावला. त्या रात्री खेडमध्येही फटाके वाजले असतील. परंतु फटाके वाजविणाऱ्या किती पालकांना ठाऊक असेल की, हीच मुलगी शाळकरी वयात हॉकीमध्ये महाराष्ट्राच्या १७ वर्षांखालील संघातून खेळत होती? क्रिकेटमध्ये ती त्याच सुमारास मुंबईच्या १९ वर्षांखालील संघात होती. वडील स्वतः क्रिकेटचे प्रशिक्षक. तरीही घरात हॉकीला मज्जाव नव्हता. दोन्ही खेळ पुरेसे खेळून झाल्यावर तिने एक निवडला.

आपल्याकडे मात्र निवड आधी होते आणि खेळणे नंतर. मुलगा सहावीत जातो न जातो तोच वडील ठरवितात की, याने क्रिकेटच खेळावे. बॅट येते, पॅड येतात, सुट्टीतले शिबिर येते. मग कबड्डीच्या मैदानावर पाय ठेवला तर ‘हात मोडून घेशील’ अशी तंबी मिळते. दुसरे टोक याहून वाईट. नववी संपली की ‘आता दहावीचे वर्ष’ म्हणून सगळेच खेळ बंद. मुलींच्या बाबतीत तर आठवीतच पडदा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले-मुली आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करीत नाहीत. आवश्यक म्हणजे किती, तर दिवसाकाठी सरासरी ६० मिनिटे.

एकाच खेळाला लवकर जुंपण्याविषयी वैद्यकशास्त्र काय सांगते, हे पालकांनी समजून घेण्यासारखे आहे. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो व हाड तेथूनच लांब होत असते. बारा ते सोळा या वयात हा भाग अजून कच्चा असतो. वेगवान गोलंदाजी करणारा मुलगा तीच कमान, तोच झटका दिवसातून शेकडो वेळा एकाच बाजूस देत राहिला, तर त्याच्या कमरेच्या मणक्यांना बारीक तडे जाण्याचा धोका असतो. पालक त्याला ‘पाठ भरली’ म्हणतात, तेल चोळतात आणि पुन्हा जाळ्यात गोलंदाजीला पाठवितात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये जो अहवाल दिला, त्यात एकाच खेळाची निवड निदान १५-१६ वर्षांपर्यंत लांबणीवर टाकावी, आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती द्यावी आणि वर्षभरात मिळून तीन महिने त्या विशिष्ट खेळापासून मुलाला दूर ठेवावे, असे सुचविले आहे. पंधरा-सोळा म्हणजे आपली दहावी. तेव्हा हायस्कूलचा सारा काळ हा निरनिराळे खेळ खेळून पाहण्याचा काळ ठरतो.

आणि वर्षातून तीन महिने एखादा खेळ बाजूला ठेवण्याची व्यवस्था खेड तालुक्यात निसर्गानेच करून ठेवली आहे! येथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. जून ते सप्टेंबर मैदानाची लाल माती पायाखाली निसटते आणि जगबुडीचे पाणी कित्येकदा बाजारपेठेत शिरते. त्या काळात टेबल टेनिस, बॅडमिंटन, मल्लखांब, योगासने. पाऊस ओसरला की खो-खो, कबड्डी आणि धावणे. मार्चनंतर क्रिकेट, व्हॉलीबॉल. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले की वाडीवाडीत टेनिस बॉलचे सामने होतातच. ऋतू पालटला की खेळ पालटायचा, ही आपल्या वाडवडिलांची रीत होती. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या, सूरपाट्या हे खेळणारी मुले एका खेळाची कधीच नव्हती.

या खेळांचे गुण एकमेकांना कसे पूरक ठरतात, हे थोडे तपशिलाने पाहू. खो-खोमध्ये वाकून धावणे, खांबाशी क्षणात वळणे आणि पाठलाग कोठे सोडून खो द्यायचा, हा निर्णय घेणे असते. कबड्डीतील चढाई ३० सेकंदांची. तेवढ्या वेळात एकाच श्वासात ‘कबड्डी’चा उच्चार चालू ठेवून समोरच्या सात जणांच्या पायांकडे व हातांकडे लक्ष ठेवावे लागते. पोहण्यात सांध्यांवर शरीराचा भार पडत नाही. खांदे आणि फुप्फुसे मात्र बळकट होतात. आता असा मुलगा क्रिकेटच्या मैदानावर क्षेत्ररक्षणाला उभा केला, तर चेंडूवर झेपावताना त्याच्या अंगात खो-खो असतो आणि लांब डाव खेळताना पोहण्याने कमावलेला दम. केवळ जाळ्यात फलंदाजी करणाऱ्याला हे कोठून मिळणार? (पोहण्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. जगबुडीत मगरींचा वावर आहे. तेव्हा नदीत नव्हे, तलावातच व प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पोहावे.)

अनेक खेळ येण्याचा आणखी एक लाभ आहे आणि तो मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनात दिसतो. सांगली जिल्ह्यातील हे गृहस्थ भारतीय सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, अपंगत्व आले आणि मुष्टियुद्ध कायमचे संपले. एवढेच येत असलेला माणूस तेथेच खचला असता. पेटकर टेबल टेनिसकडे वळले व १९६८ च्या तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये खेळले. पुढे पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन त्यांनी सुवर्णपदक जिंकले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

येथे कोणी विचारील की, सचिन तेंडुलकरने तर क्रिकेटसाठी शाळाही बदलली, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याच सचिनला बालपणी टेनिसचे वेड होते आणि जॉन मॅकेन्रो हा त्याचा आदर्श होता, ही गोष्ट बाजूस ठेवली तरी जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लहानपणीच धरावे लागतात, हे मान्य केले पाहिजे. असामान्य प्रतिभेचे मूल त्याच्या मार्गाने जाणारच. परंतु अशा एका मुलाचा हिशेब गावातील सगळ्या मुलांच्या खातेवहीत मांडणे बरोबर नाही. दुसरा एक हिशेबी प्रकार अलीकडे वाढला आहे. मंडळाच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, म्हणून ज्या खेळात स्पर्धक कमी तोच खेळ मुलाच्या गळ्यात बांधावयाचा! त्या गुणांसाठी नाव नोंदविलेला मुलगा निकालानंतर त्या मैदानाकडे फिरकत नाही.

खर्चाचा प्रश्न व्यापारी समाजाला लगेच सुचतो आणि सुचावाही. खो-खोला दोन खांब आणि आखणीसाठी फक्की पुरते. कबड्डीला तेही नको. लगोरीला तर फुटकी कौले चालतात. क्रिकेटचे एक पूर्ण किट घेण्याच्या पैशात शाळेतील एका वर्गाला तीन खेळांचे साहित्य येईल. ज्या दोन खांबांच्या खेळाला आपण गरिबांचा म्हणतो, त्याचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरला. भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरविले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे.

सोयींसाठी फार दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथे श्री विठ्ठलराव जोशी चॅरिटीज ट्रस्टने क्रीडा संकुल उभारले आहे. तेथे भरणाऱ्या डेरवण यूथ गेम्समध्ये धावणे, खो-खो, कबड्डी, पोहणे, भिंत चढणे असे अनेक खेळ एकाच आवारात पाहावयास मिळतात. खेडच्या प्रत्येक शाळेने सातवी-आठवीची मुले एकदा तेथे नुसती पाहण्यासाठी न्यावीत. आपल्याला काय आवडेल, हे मुलांना पाहिल्यावाचून कळत नाही.

राहता राहिला मुलींचा प्रश्न. आठवीनंतर त्या मैदानावरून का नाहीशा होतात, याचे उत्तर बहुधा खेळात नसते. तालुक्याची निवड झाली की जिल्ह्याच्या सामन्यासाठी रत्नागिरीला जावे लागते. सोबत शिक्षिका नसते, परतायला रात्र होते, कपडे बदलायला जागा नसते आणि आई नाही म्हणते. तिचे नाही म्हणणे चुकीचे नाही. जूनमध्ये शाळा उघडताना मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर कोणती शिक्षिका जाईल, हे नावानिशी ठरवून पालकसभेत सांगावे. शिक्षिका उपलब्ध नसेल, तर माता-पालकांपैकी दोघींनी पाळीपाळीने जावे आणि त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद शाळेच्या वर्षारंभीच्या अंदाजपत्रकात क्रीडासाहित्याच्या शेजारीच दाखवावी.